सोमवारचे आकडे

कापूस फुटला की आमच्याकडची हवा कोरडी होते. सकाळी तोंड धुतलं की गालांची कातडी ओढल्यासारखी वाटते, ओठांना तूप लावावं लागतं. गंगाखेड रोडवरून कापसाचे टेम्पो जातात, इतके भरलेले की मागून टेम्पो दिसतच नाही, ताडपत्रीत आवळलेला एक पांढरा फुगा हलत डुलत चालला आहे असं वाटतं. रस्त्याकडेच्या बाभळींना त्यातला थोडा थोडा कापूस अडकतो आणि थंडीभर तिथेच लोंबतो. लोकांना हे दिवस आवडतात. ऊन कोवळं असतं, दिवाळीचा फराळ डब्यात असतो, हुरड्याला कुणाच्या शेतात जायचं याची बोलणी सुरू होतात. मला हे दिवस आवडत नाहीत. घरात हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही. बोलले तर कारण सांगावं लागेल.

यंदा कापसाबरोबर आमच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या गव्हाणे सरांचा मेसेजही आला. 'बेटा, यंदा पण मुलींची बेसबॉलची टीम काढायलोय. तुझं ते एक्सेल पाठव. प्राचार्य विचारायलेत.' खाली हात जोडलेले. मी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि कामाला लागले. माझं काम असं आहे की पुण्याची एक कंपनी मला घरी बसून पगार देते आणि मी कुठल्या तालुक्यात कुठला साबण किती खपेल याचे तक्ते बनवते. त्या तालुक्यांत मी गेलेली नसते. जायची गरज पडत नाही, असं माझ्या वरच्या मॅडम अभिमानाने सांगतात.

परभणीत मुली बेसबॉल खेळतात हे सांगितलं की पुण्याचे लोक हसतात. त्यांना टीव्हीवरची हिरवीगार मैदानं आठवतात. आमच्या कॉलेजचं मैदान काळ्या मातीचं होतं. पावसाळ्यात तिथे पाय ठेवता यायचा नाही आणि ऑक्टोबर संपता संपता त्याला अशा भेगा पडायच्या की घरंगळत गेलेला बॉल मध्येच थांबून भेगेत बसायचा. चुन्याने चौकोन आखायचा, त्याच्या कोपऱ्यांवर बेस म्हणून वाळू भरलेली पोती ठेवायची. मधोमध पिचर उभी राहणार, बॉल फेकणार. समोरची बॅटने तो मारणार. बॉल तिच्यापुढच्या प्लेटवरून, गुडघा ते छाती एवढ्या उंचीतून गेला तर स्ट्राइक. नाही गेला तर पिचरचा बॉल वाया, आणि असे चार वाया गेले की समोरचीला फुकटात पहिला बेस. खेळ बाहेरचा असला तरी मैदान, ऊन आणि शिव्या आमच्या होत्या.

मी खेळत नव्हते. मला धावायला यायचं, पण लोकांसमोर धावायला यायचं नाही. दहावीपर्यंत इंग्लिश मीडियमला होते, अकरावीला या कॉलेजात आले, आणि वर्गात सगळ्या मुली एकमेकींना 'अगं ए' म्हणत असताना मी 'एक्स्क्यूज मी' म्हणाले. त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. सरांनी मला मैदानाच्या कडेला पुस्तक वाचत बसलेली पाहिलं आणि विचारलं, "लॅपटॉप येतो का गं चालवायला?" मी मान हलवली. तेवढ्यावर मी टीमची स्कोअरर झाले. घरी पप्पांचा जुना लॅपटॉप होता. इंटरनेटवर अमेरिकेतल्या टीमा आकड्यांवर कशा चालतात ते मी वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की न बोलता एखाद्या गोष्टीचा भाग होता येतं. कुणी किती बॉल टाकले, किती स्ट्राइक गेले, कुठल्या बाजूचा सुटला, सगळं मी मोबाइलवर भरायचे आणि संध्याकाळी तक्ता करायचे.

पोरी मुद्दाम माझी परीक्षा घ्यायच्या. "मॅडम, एकोणसाठ लिवा," असं साक्षी ओरडायची, आणि मी थांबायचे. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही मनात उलटं मोजून काढावं लागतं. तेवढ्या वेळात सगळ्या हसून घ्यायच्या. साक्षी आमची एक पिचर होती, गावातलीच, विद्यानगरात राहणारी. तिच्या हसण्यात खोट नव्हती. हसून झालं की तीच बोटांनी दाखवायची, पाच आणि नऊ.

सरांना माझ्या तक्त्यांचं सुरुवातीला कौतुक नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. त्यांची स्वतःची पद्धत होती. ते प्लेटमागे बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या मागे पाठ करून उभे राहायचे आणि बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकायचे. "हा मेलेला," म्हणायचे. पुढचा पडला की, "हा बी मेलेला." मग एखादा पडायचा, आणि ते मान वर करायचे. "हा जित्ता हाय. ऐकलं का बेटा? हे तुझ्या कॉम्प्युटरात कुठं लिहायलीस?"

मी म्हणायचे, "सर, तो स्ट्राइक नव्हता. बाहेर गेला."

"बाहेर जाऊ दे की. जित्ता माणूस कधी कधी बाहेर जातोच."

मला हे खरोखर आवडायचं. मी ते लिहून घेऊ शकत नव्हते, म्हणून जास्त आवडायचं. आणि सरांनाही माझं आवडायला लागलं होतं. एखाद्या मुलीबद्दल त्यांना काही वाटलं की ते येऊन विचारायचे, "तुझं काय म्हणणं?" दोन्ही जुळलं की आम्ही दोघंही खूश. जुळलं नाही की भांडण, म्हणजे ते बोलायचे आणि मी मान हलवून नाही म्हणायचे. बारावीच्या वर्षाची सुरुवात अशी गेली. चांगल्या दिवसांबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

आमची दुसरी पिचर रेणुका ताडकळसहून यायची, पहिल्या एसटीने. वेणीत कधी कधी कापसाचा तंतू असायचा. बॉल फेकताना हात मागे गेला की ती तिथे पळभर थांबायची, काहीतरी आठवल्यासारखी, आणि मग हात असा यायचा की समोरचीची बॅट बॉल गेल्यावर फिरायची. सरांना तिचा प्रत्येक बॉल जित्ता वाटायचा. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्य स्पर्धेत पदक मिळालं तर भरतीत खेळाडूंच्या जागेतून अर्ज करता येतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि तिने ते घट्ट धरून ठेवलं होतं. राज्याला जायचं तर आधी विभागीय स्पर्धा जिंकायला हवी.

"माय म्हणली," एकदा डबा खाताना ती म्हणाली, "ह्या साली राज्याला गेलीस तर पुढं खेळ. न्हाई गेलीस तर बस झालं. कापूस काय कुठं पळून जात न्हाई."

"असं कसं म्हणते?" मी विचारलं.

"तोंडानं म्हणते," रेणुका म्हणाली. "तुमच्यात कसं म्हणतेत, मॅडम?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिच्या डब्यातली ठेच्याची भाकरी मला तिखट लागायची आणि माझ्या डब्यातलं सँडविच तिला ओलं लागायचं. आम्ही मैत्रिणी होतो का, हे मी कधी तिला विचारलं नाही.

आणि मग कापूस फुटला. माझ्या तक्त्यात रेणुकाचे आकडे पडायला लागले. सरसकट पडले नाहीत. आठवड्याच्या मध्यात ती पूर्वीसारखीच असायची, सोमवारी मात्र बॉलमागून बॉल वाया. पुढच्या सोमवारी तेच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सराव चालू ठेवला होता, तेव्हा तर रोजच सोमवार असल्यासारखं. मी वाचलेल्या अमेरिकेतल्या कुठल्याच लेखात सोमवारचं काही नव्हतं.

मी तिला विचारलं, "सोमवारी तुला काय होतं?"

तिने हात पुढे केला. नखांच्या कडा सोलल्या होत्या. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा होत्या, काही काळ्या पडलेल्या, काही ताज्या. "रविवारी वेचणी असती," ती म्हणाली. "बोंडाची टोकं लागतेत. बॉलच्या शिवणीवर बोट टेकलं की झोंबतंय. बुधवारपस्तोर भरून येतंय. तुला कापूस कसा येचतेत म्हाईत न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. परभणीत जन्मले, परभणीत वाढले, खिडकीतून दर वर्षी कापसाचे टेम्पो पाहिले, आणि कापूस बोंडातून हाताने ओढून काढावा लागतो, ते बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी होतात, हे मला एका पिचरच्या बोटांवरून कळलं. मी तक्त्यात एक नवीन रकाना केला, त्याला 'वेचणी' नाव दिलं. आदल्या दिवशी वेचणी असेल तर हो, नसेल तर नाही. तो रकाना लावून पाहिला की चित्र सरळ होतं. वेचणी नसलेल्या दिवशी रेणुकाच्या जवळपास कुणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी सरांना शोधत स्टाफरूमपर्यंत गेले. एरवी मी स्टाफरूमच्या दारात उभी राहत नसे.

सरांनी तक्ता पाहिला. "बरोब्बर," म्हणाले. "मला वाटतच होतं. पोरीचा हात मेलेला न्हाई, दुखरा हाय."

आकडा आणि अंदाज यांची भांडणं लावायला लोकांना आवडतं. माझ्या कंपनीतही यावर भाषणं होतात. मला त्या दिवशी जे कळलं ते कुठल्या भाषणात ऐकलं नाही. आकड्याने मला एवढंच सांगितलं होतं की सोमवारी काहीतरी आहे. सरांच्या कानाने एवढंच सांगितलं होतं की हात जिवंत आहे. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही अर्धं होतं. उरलेलं विचारावं लागलं, आणि तिला हात उघडून दाखवावा लागला. आता मी साबणाचे तक्ते करते तेव्हा कधी कधी एखादा तालुका मध्येच खाली येतो. तिथे त्या आठवड्यात काय झालं असेल, असं मनात येतं. हात उघडून दाखवायला तिथे कुणी नसतं. मी आकडा पुढे पाठवते.

विभागीय स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. आम्ही जीपने गेलो, आदल्या दिवशी एका शाळेच्या वर्गात मुक्काम केला. रेणुकाने वेचणी करून काही दिवस झाले होते. बोटं भरून आली होती, तिने मला मुद्दाम दाखवली. पहिले सामने सरांनी दोघींना वाटून दिले, आम्ही जिंकलो. उरला तो शेवटचा. जिंकणारी टीम राज्याला.

त्या सकाळी सर मला मैदानाबाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. तक्त्याची छापील प्रत त्यांच्या खिशात घडी करून होती. त्यांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ पिलाच नाही.

"बेटा, मला रेणुकाच वाटायली," ते म्हणाले.

"मग सर..."

"वाटणं कागदावर दाखवता येतं का? गेल्या साली मला वाटलं म्हणून एका पोरीला खेळवलं. हरलो. प्राचार्यांनी बोलवून इचारलं, गव्हाणे, निवडीला आधार काय होता? माझ्याकडं काय होतं? कान." ते हसले. "मी तासिकेवरला माणूस. दर जूनला त्यांच्या दारात उभा राहतो. ह्या कागदात स्ट्राइकची एकूण सरासरी कुणाची जास्त हाय?"

"साक्षीची. पण त्यात सोमवार धरलेत."

"धरलेत ना? मग झालं. साक्षी खेळून हरलो तर कागद दाखवता येतो. रेणुका खेळून हरलो तर मी काय दाखवू? तिची बोटं?"

टपरीवाला ग्लास विसळत होता, पाणी माझ्या चपलेवर आलं. मी पाय मागे घेतला. वर्षभर जो माणूस मला सांगत होता की जित्ता बॉल कॉम्प्युटरात येत नाही, तोच आज कॉम्प्युटरच्या मागे जाऊन उभा राहत होता, आणि तिथे उभं राहायला जागा मीच करून दिली होती.

मंडपाच्या सावलीत टीम गोल बसली. सरांनी कागद उलगडला आणि तो हातात धरूनच नावं वाचली. पिचर म्हणून साक्षीचं नाव आलं तेव्हा साक्षीनेच चमकून रेणुकाकडे पाहिलं. आणि मी बोलले. मी कधीच सगळ्यांसमोर बोलत नसे, म्हणून पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नाही.

"काय?" सर म्हणाले.

"सर, सोमवार वगळून बघा. रेणुकाचे सोमवार वेचणीचे आहेत. ते काढले तर तीच पुढे आहे. तुम्हाला माहीत आहे."

सर कागदावरून वर बघेनात. "आता तूच असं म्हणायलीस का? वर्षभर मला शिकवलं, सर, वाटण्यावर जाऊ नका, कागद बघा. आता कागद बघायलोय तर म्हणायलीस ह्यातले दिवस काढा. आवडती असली की वाईट दिवस काढायचे, नावडती असली की ठिवायचे. असं असतंय का तुमच्या अमेरिकेत?"

मुली हसल्या. एवढी मोठी मॅच समोर असताना कुणालाही हसायला कारण हवंच असतं. माझ्याकडे उत्तर होतं. आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, कारण होतं, ते सगळ्यांना लागू करता येत होतं, आणि आज सोमवार नव्हता. पण ते उत्तर माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं, आणि त्याचं मराठी होईपर्यंत सर उठले होते.

रेणुका बुटाची नाडी बांधत होती. तिने डोकं वर न करता म्हटलं, "जाऊ दे मॅडम. लिवलंय तर लिवलंय."

आम्ही एका रनने हरलो. आमच्या एका मुलीच्या हातून सोपा झेल सुटला होता. शेवटी तिन्ही बेसवर त्यांच्या मुली उभ्या असताना साक्षीचे चार बॉल वाया गेले, समोरचीला फुकटात बेस मिळाला, सगळ्या एकेक बेस पुढे सरकल्या आणि तो रन आला. साक्षी त्याच जागेवर खाली बसली. तिने वाईट टाकलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. रेणुका असती तर जिंकलो असतो, हेही म्हणता येत नाही. मला हेच अजून गिळवत नाही. चूक झाली हे सिद्ध झालं असतं तर निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. जी खेळलीच नाही तिचा आकडा नसतो.

परतताना जीपमध्ये बाहेर सगळीकडे वेचणी चालू होती. पांढऱ्या शेतांत वाकलेल्या बाया, कमरेला बांधलेल्या ओट्या. रेणुका खिडकीशी बसली होती. एका शेताकडे बघून म्हणाली, "हे दुसऱ्या वेचणीचं हाय. आमचं राहिलंय." ताडकळसच्या फाट्यावर उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांना एकदम हात केला. सरावाला ती पुन्हा आली नाही.

पुढे जे झालं ते सगळं चांगलं झालं. सरांनी अहवालात लिहिलं की निवड संपूर्णपणे आकडेवारीच्या आधारे केली होती. प्राचार्य समाधानी झाले. पुढच्या जूनमध्ये सरांची तासिका कायम राहिली. कॉलेजच्या अंकात माझा लॅपटॉपसह फोटो आला. कॉलेज संपल्यावर मी बायोडेटात ते काम लिहिलं, आणि मुलाखतीत पुण्याच्या मॅडमनी दुसरं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, फॅसिनेटिंग. लहान गावात डेटावर टीम निवडली. मी मान हलवली. माझी मान हलवण्याची सवय मला तिथेही उपयोगी पडली.

सरांचा मी कधी नीट राग करू शकले नाही. ते मला अजूनही बेटा म्हणतात. मोटारसायकलवर जाताना दिसले तर थांबतात, पप्पांची तब्येत विचारतात. घाबरलेल्या माणसावर रागावायला जी ताकद लागते ती माझ्यात नाही. पण त्यांचा मेसेज आला की माझ्या तोंडाची चव जाते.

मेसेज येऊन काही दिवस झाले होते, मी उत्तर दिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात पूर्णेला मावशीकडे जाताना एसटी ताडकळसला थांबली. बाजाराचा दिवस होता, गर्दीत बस हलेना, म्हणून पाण्याची बाटली घ्यायला मी उतरले. स्टँडसमोरच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर रेणुका बसली होती. ती एका म्हाताऱ्याला फवारणीचा पंप उघडून दाखवत होती. "मामा, हा नोझल उलटा लावलाव तुमी. पंपाला कशाला शिव्या द्यायलाव?" म्हातारा गेला आणि तिने मला पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली. हसली नाही, पण स्टूल पुढे सरकवलं. "बस. गाडी आत्ता जात न्हाई. ड्रायव्हर भजे खायलाय."

दुकान चुलतभावाचं होतं. लग्न झालं होतं, गावातच. मुलगी दोन वर्षांची होती. मी तिच्या बोटांकडे बघत होते ते तिने ओळखलं आणि हात काउंटरखाली घेतला. मी पुण्याच्या कंपनीचं सांगितलं. घरी बसून, असं म्हणाले. काय काम करतीस म्हणाली, तेव्हा तक्ते, एवढंच म्हणाले.

"तेच?"

"तेच."

तिने जीभ टाळूला लावून आवाज केला. मग म्हणाली, "सरांचा फोन आल्ता. टीम काढायलेत म्हणे. ताडकळसच्या पोरी पाठव म्हणले. मी म्हणलं, आमच्या पोरी सोमवारी कामाच्या नसतेत, सर."

"मग सर काय म्हणाले?"

"हसले." तिने काउंटरवरची धूळ तळव्याने पुसली. "तुझ्याकडं ते अजून हाय का? आमचं लिवलेलं?"

"आहे."

"सोमवार बी?"

"सोमवार पण."

"मंग माझं नाव काढून टाक त्यातून," ती म्हणाली. "फुकट कशाला ठिवायचं."

मला वेचणीचा रकाना सांगायचा होता. तिचे चांगले दिवस त्यात वेगळे दिसतात, ते सगळ्यांत वर आहेत, हे सांगायचं होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "जा, गाडी सुटंल," रेणुका म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

परत आल्यावर मी सरांना लिहिलं की ती फाइल आता माझ्याकडे नाही. त्यांनी लगेच हात जोडलेले पाठवले. मग मी लॅपटॉप उघडला, फाइल शोधली आणि रेणुकाची ओळ निवडली. त्या ओळीत सगळं होतं, सोमवार, बुधवार, दिवाळीची सुट्टी. तिने काढून टाक म्हटलं होतं, आणि या एका बाबतीत तरी तिचं ऐकणं माझ्या हातात होतं. मी ओळ काढली. खालच्या सगळ्या ओळी वर सरकल्या. शेवटी टीमच्या पिचर्सची सरासरी होती, ती आपली आपण बदलली.

थोडी वर गेली.